दादाला लष्करी कापडात उडी मारायचीय, मी सही करू का?

पत्र थोडक्यात: आमचं कोटेड कापडाचं घरचं युनिट आहे, बाबांनी सुरू केलेलं. नायलॉन आणि पॉलिस्टरवर पीयू (पॉलियुरेथेन) आणि पीव्हीसीचं कोटिंग करतो, माल बॅगवाल्यांकडे, रेनकोटवाल्यांकडे आणि ट्रक कव्हर शिवणाऱ्यांकडे जातो. प्रॉडक्शन दादा बघतो, क्वालिटी आणि हिशोब माझ्याकडे आहे. मार्जिन घसरत चाललंय. मध्यंतरी एका एजंटनं दादाला मार्केट रिपोर्ट दिला, लष्करी साहित्यासाठी लागणाऱ्या कोटेड कापडाचा बाजार पुढची काही वर्षं जोरात वाढणार असं त्यात आहे. तेव्हापासून दादाच्या डोक्यात एकच, मोठं कर्ज काढून नवीन कोटिंग लाइन टाकायची आणि सैन्याला माल विकायचा. मी जामीन राहावं असं तो म्हणतोय. बाबा म्हणतात आहे ते सांभाळा. मला दोघांचं थोडं थोडं पटतं. शिवाय युद्धावर धंदा करायचा हे कुठंतरी टोचतंही. ही वाढ खरी आहे का, आणि दादाला हो म्हणू की नाही?

उत्तर:

तुमचं पत्र चांगलं लांबलचक आहे, त्यातला बराच भाग त्या रिपोर्टाबद्दल आहे, पण मी दोनदा वाचूनही एक गोष्ट सापडली नाही, दादाला नेमकं कुठलं कापड बनवायचंय? तंबूचं? सॅकचं? रबरी बोटीचं? इंधनाच्या घडीच्या टाकीचं? तुम्ही सगळीकडे "लष्करी कापड" असं एकच लिहिलंय, आणि मला वाटतं तुमच्या घरातल्या वादाचं मूळ तिथंच आहे. दादा एका धूसर गोष्टीला हो म्हणतोय, बाबा त्याच धूसर गोष्टीला नाही म्हणतायत, आणि तुम्ही मध्ये अडकलात.

आधी तुमचा पहिला प्रश्न. वाढ खरी आहे का? पैसा खरंच वाढलाय, त्यात खोटं काही नाही. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशोबानं २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर झाला, महागाई वजा करून आदल्या वर्षीपेक्षा ९.४ टक्के जास्त, आणि १९८८ पासून एका वर्षात एवढी उडी त्यांनी नोंदवलेली नाही. युक्रेनचं युद्ध २०२२ मध्ये पेटल्यापासून युरोपचा खर्च चढतोय, आणि नाटोच्या देशांनी २०२५ मध्ये हेगला ठरवलं की २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्क्यांपर्यंत जायचं, त्यातले साडेतीन टक्के थेट संरक्षणावर आणि दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा असल्या आनुषंगिक गोष्टींवर. म्हणजे दादा स्वप्न बघतोय असं म्हणून त्याला उडवून लावू नका.

पण आता तुम्ही हिशोब बघता म्हणून विचारतो, हा पैसा जातो कुठं? पगार, पेन्शन, इंधन, विमानं, क्षेपणास्त्रं, तोफगोळे. नाटोनं २०१४ मध्ये जीडीपीच्या दोन टक्क्यांचं जे ठरवलं होतं त्यातच असंही होतं की खर्चाचा किमान पाचवा हिस्सा मोठ्या नव्या शस्त्रसामग्रीवर जावा. तंबू, पोंचो आणि पाठीवरची सॅक ही काही मोठी शस्त्रसामग्री नाही, ती येते कपडेलत्ते आणि भांडारातल्या किरकोळ खरेदीत, आणि बजेट कमी पडलं की पहिली कात्री तिथंच लागते. त्यामुळे बजेट दहा टक्के वाढलं म्हणून कोटेड कापड दहा टक्के वाढेल असं सरळ गणित नाही, कधी त्याहून जास्त वाढेल आणि कधी अजिबात नाही.

रिपोर्टातला तो वार्षिक वाढीचा टक्का पण नीट बघा. तो सरासरी असतो, काही वर्षांची मिळून. लष्करी ऑर्डर तशी येत नाही हो, ती गठ्ठ्यानं येते. एका वर्षी टेंडर निघतं, सगळे धावतात, मिलला धागा मिळत नाही, आणि नंतर दोन-तीन वर्षं सामसूम. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. अजून एक, कोटेड कापडाच्या एकूण बाजाराचे जे मोठमोठे आकडे छापतात त्यात गाड्यांच्या सीटा, फर्निचर, ट्रकची कव्हरं सगळं धरलेलं असतं, लष्कराचा वाटा त्यात छोटा. दोन कंपन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर आकडे जुळणार नाहीत, कारण कुणी काय मोजलंय हेच वेगळं असतं. एजंटला विचारा, यात बुलेटप्रूफ जॅकेटचं कापड धरलंय का, जंगल बुटांचं अस्तर धरलंय का? तो गडबडला तर त्या आकड्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि हा बाजार खाली पण येतो. शीतयुद्ध संपल्यावर आला, इराक-अफगाणिस्तानातून सैन्य काढायला लागल्यावर २०११ नंतर अमेरिकेचा खर्च काही वर्षं उतरत गेला. लढाई थांबली की क्षेपणास्त्रांची कोठारं भरायचं काम चालू राहतं, पण तंबू आणि ताडपत्र्या शिल्लक पडतात आणि तो शिल्लक माल संपेपर्यंत नवीन कुणी घेत नाही. एवढं सगळं बाबांनी सांगितलं नसेल, पण त्यांच्या "सांभाळा" मागे बहुतेक असंच काहीतरी आहे.

आता दुसरं गृहीत, तुमच्या पत्रात ते इतकं सहज आलंय की तुम्हाला जाणवलंही नसेल. तुम्ही लिहिता "सैन्याला माल विकायचा". तुम्ही सैन्याला माल विकणारच नाही आहात. सैन्य तयार तंबू घेतं, तयार बोट घेतं, तयार सॅक घेतं. टेंडर भरतो तो शिवणारा किंवा जोडणारा, त्याचा नमुना पास झालेला असतो आणि त्या नमुन्यात कुणाचं कापड आहे हेही ठरलेलं असतं. तुमचं गिऱ्हाईक तो. त्याला पैसे उशिरा मिळाले की तुम्हाला त्याहून उशिरा. त्याला कापड बदलायचं म्हटलं तर परत टेस्टिंग, परत मंजुरी, वेळ आणि खर्च, म्हणून तो सहसा बदलत नाही. बाहेर असताना ही भिंत वाटते, एकदा आत गेलात की तीच तुम्हाला सांभाळते, पुढचा कुणी पाच पैसे कमी करून तुमचं गिऱ्हाईक सहज पळवू शकत नाही. या धंद्यात मार्जिन असलंच तर ते या मंजुरीत आहे, लष्कर जास्त भाव देतं म्हणून नाही, भाव तिथंही चोळूनच घेतात.

त्यात बरेचसे देश आपलंच कापड घ्या असा नियम करून बसलेत. अमेरिकेत तर १९४१ पासून बेरी अमेंडमेंट आहे, त्यांच्या संरक्षण खात्यानं घ्यायचे कपडे, तंबू, ताडपत्र्या यांचं कापड आणि धागासुद्धा तिथलाच लागतो, अपवाद थोडे. म्हणजे जगाच्या आकड्यातला मोठा तुकडा तुमच्यासाठी आधीच वजा. दादाला म्हणावं रिपोर्टातला आकडा घे, ज्या देशांत आपला माल चालूच शकत नाही ते काढ, जे कापड आपल्या मशीनवर होऊ शकत नाही ते काढ, मग जे उरेल त्यावर बोलू.

काय होऊ शकत नाही तेही सांगतो. रासायनिक हल्ल्यापासून वाचवणाऱ्या सूटला ब्युटाइल रबराचं कोटिंग लागतं नाहीतर सक्रिय कार्बनचे थर, ते तुमच्या लाइनचं काम नाही, शिवाय असल्या मालाच्या निर्यातीला बहुतेक देशांत लायसन्स लागतं. बोटींना निओप्रीन आणि सीएसएम रबर (डुपॉन्टच्या नावानं हायपलॉन) लागतं, तिथं मालाच्याच अडचणी आहेत, डुपॉन्टनं हायपलॉन बनवणं २०१० च्या सुमारास बंद केलं आणि डेन्कानं २०२५ मध्ये अमेरिकेतला निओप्रीनचा प्लांट अनिश्चित काळासाठी थांबवला. इंधनाच्या घडीच्या टाक्यांना नायट्राइल रबर किंवा टीपीयू (उष्णतेनं वितळणारं पीयू), आणि तिथं सांधा एका ठिकाणी जरी सुटला तरी काय होईल ते सांगायला नको. छान धंदे आहेत हे, वाढणारे पण आहेत, पण ते वेगळे धंदे आहेत. तुमच्या पीयूच्या लाइनवर आज काय होऊ शकतं? सॅक आणि किट बॅगचं जाड नायलॉन, पोंचो, गाड्यांची आणि सामानाची कव्हरं. थोडी हिंमत केली तर छोट्या तंबूंचं कापड.

खरी नवी मागणी कुठं आहे विचाराल तर माझ्या मते ती ड्रोनमुळे आलीय. वरून थर्मल कॅमेरे फिरायला लागल्यापासून नुसतं हिरवं-तपकिरी छापून भागत नाही, झाकायचं कापड उष्णतेच्या आणि रडारच्या नजरेतूनही सुटलं पाहिजे, म्हणून अनेक थरांच्या छद्मजाळ्या, आणि फुगवायचे खोटे रणगाडे सुद्धा, जे शेवटी कोटेड कापडाचेच असतात. ही मागणी लढाई थांबली तरी राहील असं मला वाटतं, कारण ड्रोन काही परत जाणार नाहीत. पण हा पहिल्या दिवशीचा घास नाही.

साध्या सॅकच्या कापडाचंच घ्या, तिथंही केवढं काय असतं बघा. तुम्ही क्वालिटीत आहात म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. ग्रे, म्हणजे कोटिंग न केलेलं, कापड फाडून बघितलं तर मस्त आकडा येतो, त्यावर घट्ट पीयू मारलं की फाटण्याची ताकद खाली येते, कारण कोटिंगनं धागे जागच्या जागी चिकटतात, फाटताना ते सरकून एकमेकांना धरून जोर घेऊ शकत नाहीत आणि एकेक करून तुटत जातात. बाजारातल्या बॅगवाल्यानं हे कधी विचारलं नसेल, लष्कराच्या स्पेकमध्ये, म्हणजे मालाच्या लेखी अटींत, मात्र कोटिंगनंतरचाच आकडा लिहिलेला असतो. मग कोटिंग मऊ केलं तर पाण्याच्या दाबाला टिकत नाही, जाड केलं तर वजन वाढतं. ही ओढाताण सोडवणं हेच खरं कौशल्य, आणि ते नवीन लाइन आणून आपोआप येत नाही.

रंगाचं तर अजून वेगळं. हिरवं पान साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढं, म्हणजे डोळ्याला दिसत नाही त्या भागात, एकदम जास्त प्रकाश परतवतं. रात्री बघायच्या उपकरणात त्यामुळे झाडी उजळ दिसते आणि चुकीच्या रंगानं रंगवलेलं कापड झाडीत काळ्या ठिपक्यासारखं उठून दिसतं. दिवसा दोन्ही हिरवीच. तुम्ही मागून पांढरं कोटिंग दिलं की हे परतवणं बदलतं, काळं दिलं की उलटीकडे बदलतं. डोळ्यानं शेड जुळवून पास केलेला लॉट इथं परत येतो, आणि गिऱ्हाईक सांगतं तेव्हा तुमच्याकडे ते मोजायचं मशीनही नसतं.

आणि पीयू कुठलं वापरता? पॉलिस्टर बेसचं स्वस्त पडतं, पण दमट गरम हवेत गोदामात पडून राहिलं की पाण्याच्या वाफेनं तुटतं, मग चिकट होतं आणि पापुद्रे सुटतात. जुनी बॅग उघडल्यावर हाताला चिकटणारं अस्तर तुम्ही पाहिलंच असेल. दुकानातल्या बॅगेला ते चालून जातं, लष्कराचा माल मात्र वर्षानुवर्षं भांडारात घडी घालून ठेवतात आणि अडीअडचणीला बाहेर काढतात. पॉलिइथर बेस घ्यावा लागतो, महाग पडतो, आणि गरम दमट पेटीत ठेवून त्याची टेस्ट करायला आठवडे जातात. हे आठवडे दादाच्या प्लॅनमध्ये आहेत का?

म्हणून माझं म्हणणं असं की पहिला पैसा लाइनमध्ये घालू नका, लॅबमध्ये घाला. तुमच्या आत्ताच्या मशीनवरून निघालेल्या रोलचा जीएसएम कटरनं (ठरलेल्या मापाचा तुकडा कापायचं साधन) डावीकडून, मधून आणि उजवीकडून तुकडा कापा, वजन करा. तिन्हीकडे फरक किती येतो? कडेला कोटिंग जाड आणि मध्ये पातळ येत असेल, आणि असं बऱ्याच ठिकाणी येतं, तर नवीन लाइनवरही तेच हात काम करणार आहेत. हे दर रोलला लिहून ठेवायची सवय आधी लागू दे. ज्या कापडाचं प्रत्येक रोलचं रेकॉर्ड नाही ते कापड लष्करी साहित्यवाला हातात धरत नाही.

मग एकच कापड निवडा. टेंडर भरणाऱ्या दोन-तीन शिवणाऱ्यांकडे दादाला पाठवा, विकायला नाही, स्पेक मागायला. तुमचं आत्ताचं कापड बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये त्या स्पेकवर तपासून घ्या आणि कुठं कुठं नापास होतं त्याची यादी भिंतीवर लावा. जी पायरी आपल्याकडे नाही ती जॉबवर्कनं बाहेरून करून घ्या. नमुना पास झाला, पहिली छोटी ऑर्डर गेली, पैसे हातात आले, आणि तेव्हा जर असं दिसलं की आत्ताची लाइन पुरत नाही, तर लाइनचं बोला. यात वर्ष-दीड वर्ष सहज जाईल. दादाला ते खूप वाटेल. लाइन आज टाकली तरी मंजुरीला तेवढाच वेळ लागणार आहे, फक्त मधल्या काळात व्याज चालू असेल.

लाइन घ्यायची वेळ आलीच तर एक गोष्ट विसरू नका, ती कुठल्या केमिस्ट्रीची घेताय. पीयू विरघळवायला डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट वापरणाऱ्या कोटिंगवर युरोपात डिसेंबर २०२४ पासून कडक बंधनं आलीत, पाण्याच्या बेसचं पीयू आणि हॉट मेल्टनं, म्हणजे वितळवून, टीपीयूचा थर देणं याकडे लोक वळतायत. पाणी झटकणाऱ्या फिनिशचंही तसंच, फ्लोरिनवाली पीएफएएस रसायनं कपड्यांतून बाहेर चाललीत, कॅलिफोर्नियानं नव्या कपड्यांत २०२५ च्या सुरुवातीपासून ती बंद केली, ३एम कंपनीनं २०२५ अखेर या रसायनांचं उत्पादनच थांबवायचं जाहीर केलं होतं. लष्कराला बऱ्याचदा सूट मिळते हे खरं, कारण तेल आणि इंधन झटकायला फ्लोरिनशिवाय अजून तितकं चांगलं काही मिळालेलं नाही, पण साध्या कपड्यांचा बाजार निघून गेला की थोड्याशा लष्करी मागणीसाठी ते रसायन कोण आणि कुठल्या भावानं बनवणार? कोटिंग लाइन एकदा बसवली की ती वीस वर्षं वापरायची असते. एजंट स्वस्तात जी लाइन देतोय ती डीएमएफची जुनी लाइन तर नाही ना, हे आधी विचारा. मला तसा वास येतोय.

धाग्याचा भाव पण बघा. नायलॉन ६,६ चा मुख्य कच्चा माल जगात मोजक्याच प्लांटमध्ये बनतो, २०१८ मध्ये त्याची टंचाई झाली होती तेव्हा सगळ्यांची धावपळ झाली. वर्षभराच्या ठरलेल्या भावाची ऑर्डर घेताना धाग्याचा भाव अमुकच्या वर गेला तर आपला भाव बदलेल असं कलम घाला, शिवणारा का-कू करेल, तरी मागा. आणि मंजुरी मिळाली तरी क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या वर या एका धंद्याला देऊ नका असं मी म्हणेन. बाकीची लाइन बॅगवाल्यांवर चालू दे, आणि तीच शिस्त वापरून आपत्ती निवारणाचे तंबू, पुराच्या वेळचे पाण्याचे साठे, गोबर गॅसचे फुगे, हॉस्पिटलच्या गाद्यांची कव्हरं असली कामं धरा, तिथं पण टेस्टिंग मागतात आणि सामसुमीच्या वर्षांत हप्ता तिथून निघतो.

तुम्हाला जे टोचतंय त्याबद्दल. ते टोचणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही आणि त्यावर मला उपदेश पण करायचा नाही. या कापडाचा बराचसा भाग माणूस कोरडा ठेवायला, पाणी साठवायला, जखमी झोपवायला वापरतात, थोडा भाग तसा नाही. तुम्हाला कुठली रेघ ओढायचीय ती आत्ता ओढा, म्हणजे उदाहरणार्थ तंबू, सॅक, पोंचो चालेल पण तोफेच्या साहित्याचं काही नको, किंवा अमुक देशांना नको, आणि ती दादाला बसून सांगा. ऑर्डर समोर टेबलावर असताना ही चर्चा होत नाही, तेव्हा फक्त भांडण होतं. आणि दुसऱ्या कुठल्या तरी भीतीला हे टोचणं असं नाव देत नाही ना, तेवढं स्वतःशी एकदा तपासून बघा. तुमचा आक्षेप कर्जाला असेल तर कर्जालाच म्हणा.

राहता राहिली सही. आत्ता करू नका. पण नुसतं नाही असंही सांगू नका, दादाला ते "तुझ्यावर विश्वास नाही" असंच ऐकू येणार, आणि रोज एकाच शेडमध्ये उभं राहायचंय तुम्हाला. लिहून द्या, अमुक कापड, अमुक स्पेक, बाहेरच्या लॅबचा पास रिपोर्ट आणि शिवणाऱ्याची लेखी ऑर्डर, या चार गोष्टी फाइलला लागल्या की मी जामीन राहीन, आणि तोपर्यंत लॅबच्या मशीनांसाठी छोटं कर्ज लागलं तर त्यावर मी आजच सही करते. ते कर्ज युनिटच्या मशिनरीवर घ्या, राहत्या घरावर नको. बाबांना यात विचारायचं असेल तर मार्केटबद्दल नका विचारू, त्यांनी सुरुवातीला पहिलं मोठं गिऱ्हाईक कसं धरलं होतं आणि त्याचे पैसे किती दिवसांनी आले होते ते विचारा, दादा शेजारी बसलेला असताना.